जखम बुजवणारी चकती

पेन्सिलीला टोक करताना ब्लेड निसटते आणि बोटाला कापते. रक्ताचा थेंब वर येतो. बोट थोडा वेळ घट्ट दाबून धरले की रक्त थांबते. 'रक्त गोठले', असे आपण म्हणतो. रक्तातील फायब्रिनोजेन या प्रथिनापासून फायब्रिनचे धागे तयार होतात, त्या धाग्यांच्या जाळ्यात रक्तकणिका अडकतात आणि गुठळी बनते, हे तुम्ही पुस्तकात वाचलेच असेल. ते खरेच आहे. परंतु हे जाळे विणले जाण्याच्या आधीच जखमेच्या जागी दुसरे एक काम सुरू झालेले असते. वाहत्या रक्तातून अतिसूक्ष्म चकत्या फाटलेल्या भागाशी येतात, तेथे चिकटतात, आपला आकार बदलतात, पसरतात आणि भोकावर ठिगळ लावतात. या चकत्यांना रक्तपट्टिका म्हणतात. काही पुस्तकांत त्यांना बिंबाणू असे नाव आहे. दवाखान्यात आणि घरोघरी त्यांना प्लेटलेट म्हणतात.

विद्यार्थी मित्रहो, या लेखात आपण एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करणार आहोत. एवढीशी चकती एवढी पसरते कशी? प्रश्न जीवशास्त्राचा वाटतो. पण त्याचे उत्तर शोधताना घनफळ, पृष्ठफळ, ताण आणि बल या आपल्या ओळखीच्या राशीच उपयोगी पडतात.

दोन चमचे पहारेकरी

एका रक्तपट्टिकेचा व्यास साधारण २ ते ३ मायक्रोमीटर असतो आणि जाडी १ मायक्रोमीटरच्या आसपास. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात दीड ते चार लाख रक्तपट्टिका असतात. आकडा मोठा वाटतो, पण त्यांचे घनफळ मोजले तर ते रक्ताच्या शेकडा ०.२ एवढेच भरते. मोठ्या माणसाच्या पाच लिटर रक्तातील सगळ्या रक्तपट्टिका एकत्र केल्या, तर चहाचे जेमतेम दोन चमचे भरतील!

रक्तपट्टिका ही पूर्ण पेशी नव्हे. तिला केंद्रक नसते. हाडांच्या आतील अस्थिमज्जेत महाकाय पेशी असतात. त्यांच्यापासून तुटून निघालेले हे तुकडे होत. ही गोष्ट जेम्स होमर राइट या अमेरिकन वैद्यकाने १९०६ साली दाखवून दिली. एक रक्तपट्टिका ७ ते १० दिवस टिकते. म्हणून शरीराला रोज सुमारे दहा हजार कोटी नव्या रक्तपट्टिका बनवाव्या लागतात.

त्यांचा शोध लागण्यास मात्र उशीर झाला, आणि त्याचे कारण आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहे. रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला, की काचेचा स्पर्श होताच रक्तपट्टिका आकार बदलू लागतात, एकमेकींना चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात ते वेडेवाकडे पुंजके. त्यामुळे अनेकांना तो मोडक्या पेशींचा कचरा वाटला. इटलीतील तुरीन येथील ज्युलिओ बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये वेगळी वाट धरली. जिवंत प्राण्याच्या आतड्याजवळील पातळ, पारदर्शक पडद्यातील रक्तवाहिन्या त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. तेथे वाहत्या रक्तात त्यांना सपाट चकत्या स्पष्ट दिसल्या. रक्तवाहिनीला इजा करताच सर्वांत आधी या चकत्याच तेथे येऊन चिकटतात, हेही त्यांनी पाहिले.

काठाने वाहण्याचा फायदा

नदीच्या मध्यभागी पाण्याचा वेग जास्त असतो आणि काठाशी कमी. रक्तवाहिनीतही तसेच असते. लाल रक्तकणिका लवचीक असतात. त्या मध्याकडे सरकतात, आणि त्यांच्या गर्दीचे धक्के खात लहान, ताठर रक्तपट्टिका भिंतीकडे ढकलल्या जातात. म्हणजे पहारेकरी आपोआपच कुंपणाच्या कडेने फिरत राहतात.

रक्तवाहिनीच्या आतील बाजूला पेशींचे गुळगुळीत अस्तर असते. ते शाबूत असेपर्यंत रक्तपट्टिका नुसत्या शेजारून निघून जातात. अस्तर फाटले, की खालचे कोलॅजेन नावाचे दोरीसारखे प्रथिन उघडे पडते. पण धमनीतून वेगाने जाणारी चकती तेथे थांबणार कशी? वेगाने जाणाऱ्या एस.टी.च्या खिडकीतून बाहेरची फांदी पकडण्यासारखेच ते अवघड आहे.

या कामी दुसरे एक प्रथिन येते. त्याचे नाव फॉन विलेब्रांट घटक. बाल्टिक समुद्रातील ऑलांड बेटांवरच्या एका कुटुंबात रक्तस्राव न थांबण्याचा विकार होता. एरिक फॉन विलेब्रांट या फिनलंडच्या डॉक्टरांनी १९२६ साली त्याचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले. हे प्रथिन म्हणजे एक लांबलचक धागा आहे. एरवी तो गुंडाळीसारखा गोळा होऊन रक्तात फिरतो. फाटलेल्या जागी त्याचे एक टोक कोलॅजेनला चिकटले, की वाहत्या रक्ताच्या ओढीने तो उलगडत जातो आणि त्याच्यावरील चिकट जागा उघड्या पडतात. गंमत अशी, की भिंतीलगतचा प्रवाह जितका जोरदार, तितका धागा अधिक उलगडतो. जो प्रवाह चकतीला पळवून नेणार, तोच तिच्यासाठी सापळा उघडून ठेवतो!

या धाग्यावरून रक्तपट्टिका अडखळत, घरंगळत चालते. तिचा वेग कमी होतो आणि ती कोलॅजेनला घट्ट धरते. येथून तिच्या रूपांतराला सुरुवात होते.

चकती, गोळा, बोटे, चादर

कोलॅजेनचा स्पर्श हा संदेश आहे. तो मिळताच रक्तपट्टिकेच्या आतील कोठारांतून कॅल्शियम बाहेर पडते आणि आतल्या द्रवातील त्याचे प्रमाण सुमारे दहापट वाढते. पुढच्या काही सेकंदांत आकार बदलू लागतो.

पहिली पायरी म्हणजे चकतीचा गोळा होणे. मुळात चकती सपाट राहते कशाने? तिच्या काठालगत आतून एक वेटोळे असते. सूक्ष्मनलिका नावाची अवघी २५ नॅनोमीटर व्यासाची नळी काठाने ८ ते १२ फेरे घेते. परिघ सुमारे साडेनऊ मायक्रोमीटर धरला, तर दहा फेऱ्यांत ही नळी जवळजवळ ०.१ मिलिमीटर लांब होते. चाळणीचा गोल काठ जसा आतली जाळी ताणून धरतो, तसे हे वेटोळे चकतीला ताणून धरते. संदेश मिळताच हा तोल बिघडतो. हे वेटोळे आवळून लहान होत असावे, असे पूर्वी मानत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मात्र वेगळे चित्र दिसले. प्रथिनांच्या सूक्ष्म मोटारी वेटोळ्याचे पदर एकमेकांवरून सरकवून ते आधी लांबवतात. लांब झालेले वेटोळे काठात मावेनासे होते आणि पिळा पडून वळते. तारेची घडीची मच्छरदाणी मिटताना तिचे गोल कडे कसे पिळा घेऊन लहान होते, ते आठवा. वेटोळे वळले, की चकतीचा गोळा होतो.

दुसरी पायरी बोटांची. रक्तपट्टिकेत सर्वांत मुबलक प्रथिन म्हणजे अ‍ॅक्टिन. एका रक्तपट्टिकेत त्याचे सुमारे वीस लाख रेणू असतात. विश्रांतीच्या वेळी त्यांतील शेकडा ४० रेणूच धाग्यांत ओवलेले असतात, बाकीचे सुटे. संदेश मिळाल्यावर सुटे रेणू भराभर ओवले जातात आणि हे प्रमाण शेकडा ६० ते ८० पर्यंत जाते. तंबूच्या कापडाला आतून काठीने रेटावे, तसे हे वाढते धागे आवरणाला आतून रेटतात आणि गोळ्याला बारीक, टोकदार बोटे फुटतात. या बोटांनी रक्तपट्टिका आजूबाजूला चाचपडते, आधार पकडते, शेजारच्या रक्तपट्टिकेला धरते.

तिसरी पायरी पसरण्याची. बोटांच्या मधल्या जागेत अ‍ॅक्टिनचे फाटे फुटलेले जाळे वाढते आणि आवरण पातळ पदरासारखे पुढे सरकते. बदकाच्या बोटांमधील पडद्याची आठवण व्हावी. काही मिनिटांत बोटे त्यात बुडून जातात आणि एक गोल, पातळ चादर तयार होते. मध्यभागी तेवढा फुगवटा राहतो. तव्यावर फोडलेले अंडे वरून जसे दिसते, अगदी तशी ती दिसते. संशोधकसुद्धा तिला याच नावाने ओळखतात.

कापड आले कोठून?

आता वहीपेन्सिल घ्या. विश्रांतीतील रक्तपट्टिका ही ३ मायक्रोमीटर व्यासाची आणि १ मायक्रोमीटर जाडीची सपाट वृत्तचिती आहे, असे मानू.

तिचे घनफळ = ३.१४ × १.५ × १.५ × १, म्हणजे सुमारे ७.१ घन मायक्रोमीटर.

तिचे एकूण पृष्ठफळ = २ × ३.१४ × १.५ × (१.५ + १), म्हणजे सुमारे २३.६ चौरस मायक्रोमीटर.

रक्ततपासणीच्या कागदावर एम.पी.व्ही. असा एक आकडा असतो. तो रक्तपट्टिकेच्या सरासरी घनफळाचा. तो बहुधा ७ ते ११ फेम्टोलिटर असतो, आणि एक फेम्टोलिटर म्हणजे बरोबर एक घन मायक्रोमीटर. तेव्हा आपला हिशेब वास्तवाला धरून आहे.

आता तिचा गोळा झाला. घनफळ तेच ठेवले, तर त्रिज्या सुमारे १.१९ मायक्रोमीटर येते आणि पृष्ठफळ १७.८ चौरस मायक्रोमीटर. म्हणजे आवरण उलट उरलेच! ठरावीक घनफळासाठी गोलाचे पृष्ठफळ सर्वांत कमी असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. येथपर्यंत काही अडचण नाही.

अडचण पुढे येते. पसरलेल्या चादरीचा व्यास ६ मायक्रोमीटर धरा. घनफळ तेच, म्हणून जाडी सरासरी ०.२५ मायक्रोमीटर. पृष्ठफळ = २ × ३.१४ × ३ × (३ + ०.२५), म्हणजे सुमारे ६१ चौरस मायक्रोमीटर. सुरुवातीला होते २३.६. आता लागते त्याच्या २.६ पट!

पापडाची लाटी लाटताना पृष्ठफळ वाढते, तेव्हा आतले पीठ वर येते आणि पृष्ठभाग बनते. रक्तपट्टिकेला तसे करता येत नाही. तिचे आवरण हे मेदाच्या रेणूंचे दुपदरी पातळ पटल आहे आणि आतला द्रव त्याची जागा घेऊ शकत नाही. हे पटल वाकते, वळते, पण फारसे ताणले जात नाही. त्याचे क्षेत्रफळ शेकडा तीन ते पाचने वाढवले, तर ते फाटते. येथे तर शेकडा १६० वाढ हवी आहे. मग ही चादर शिवायला कापड आले कोठून?

उत्तर साडीच्या निऱ्यांसारखे आहे. नऊवार साडी नेसली, की बाहेरून दिसणारे कापड त्या मानाने थोडेच असते, बाकीचे निऱ्यांत दडलेले असते. रक्तपट्टिकेचे आवरणही जागोजागी आत वळून वळणावळणाच्या नळ्या बनवते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चकतीचा छेद स्पंजासारखा सच्छिद्र दिसतो, तो या नळ्यांमुळे. त्यांच्या भिंती म्हणजे घडी घालून ठेवलेले आवरणच. पसरताना या घड्या बाहेर उलगडतात. शिवाय आतमध्ये रसायनांनी भरलेल्या लहान पिशव्या असतात. त्या आपला माल बाहेर सोडताना मुख्य आवरणात मिसळून जातात आणि त्यांचे कापडही कामी येते.

केंद्रक नसलेल्या या तुकड्याला ऐन वेळी नवे आवरण बनवायला सवड नसते. पसरण्यासाठी लागणारी बहुतेक सारी सामग्री, म्हणजे घडी घातलेले पटल, सुटे अ‍ॅक्टिन, ताणलेले वेटोळे, ती जन्मापासून बरोबर घेऊन फिरते. आकार बदलण्याची तयारी तिच्या आकारातच भरून ठेवलेली आहे.

ठिगळ आवळते

पिशव्यांतून बाहेर पडलेली रसायने जवळून जाणाऱ्या इतर रक्तपट्टिकांना जागे करतात. एकीमुळे दहा, दहांमुळे शंभर अशी साखळी सुरू होते. प्रत्येक रक्तपट्टिकेच्या पृष्ठभागावर सुमारे ८० हजार ठिकाणी एक विशिष्ट प्रथिन असते. विश्रांतीत ते वाकलेले असते. संदेश मिळाला, की ते ताठ होते आणि फायब्रिनोजेन धरू लागते. एक फायब्रिनोजेन दोन्ही टोकांनी दोन रक्तपट्टिकांना धरतो आणि पूल बांधला जातो. पुढे थ्रॉम्बिन या विकरामुळे फायब्रिनचे धागे बनतात आणि ठिगळाला पक्की शिवण पडते.

याच्याही पुढे एक पायरी आहे. रक्तपट्टिका धागे धरून आत ओढू लागतात. स्नायूत असतात तशीच अ‍ॅक्टिन आणि मायोसिन ही प्रथिने येथेही हे काम करतात. एक रक्तपट्टिका किती जोराने ओढते, हे २०११ मध्ये अतिसूक्ष्म बल मोजणाऱ्या उपकरणाने मोजले गेले. सरासरी उत्तर आले सुमारे ३० नॅनोन्यूटन. रक्तपट्टिकेचे स्वतःचे वजन काढा. ७.१ घन मायक्रोमीटर आणि पाण्याहून किंचित जास्त घनता धरली, तर ते साधारण ०.००००७ नॅनोन्यूटन येते. म्हणजे ती आपल्या वजनाच्या चार लाख पट बल लावते! मात्र ही तुलना जपून करायला हवी. वस्तू लहान होत जाते, तसे वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटते, ओढण्याचे बल मात्र छेदाच्या क्षेत्रफळाच्या, म्हणजे लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणूनच मुंगीही स्वतःच्या कितीतरी पट ओझे उचलते. तरीही हे बल गुठळी आवळायला आणि जखमेच्या कडा जवळ आणायला पुरेसे असते. आवळलेल्या गुठळीत अडकलेल्या लाल रक्तकणिका एकमेकींवर दाबल्या जाऊन बहुकोनी ठोकळ्यांसारख्या होतात.

संख्या आणि कुवत

एडुआर्ड ग्लान्झमान या स्विस डॉक्टरांनी १९१८ साली काही विलक्षण रुग्णांची नोंद केली. त्यांच्या रक्तातील रक्तपट्टिकांची संख्या ठीक होती, तरी रक्तस्राव लवकर थांबत नसे आणि परीक्षानळीतील गुठळी आवळतच नसे. आज आपल्याला कारण माहीत आहे. फायब्रिनोजेनला धरणारे ते ८० हजार हात या रुग्णांत नसतात किंवा निकामी असतात. संख्या पुरेशी असली, तरी हात नसतील तर काम होत नाही. रक्ताच्या अशा आनुवंशिक विकारांवर मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत संशोधन चालते.

रक्तपेढीतही आकाराचे महत्त्व दिसते. लाल रक्तकणिका २ ते ६ अंश सेल्सियसला शीतकपाटात ठेवतात. रक्तपट्टिका मात्र सामान्यतः २० ते २४ अंशांना, सतत हलक्या हाताने हलवत ठेवतात, आणि त्या पाचच दिवस वापरता येतात. कारण थंडीने काठाचे वेटोळे सुटते आणि चकती गोल होते. पृष्ठभागावरही काही बदल होतात, आणि अशा रक्तपट्टिका रुग्णाला दिल्या तर शरीर त्यांना लवकर काढून टाकते. साठवण फार दिवस करता येत नसल्यामुळे रक्तदात्यांची गरज बारमाही असते.

ही यंत्रणा नको तेथे सुरू झाली, तर तीच घातक ठरते. निरोगी अस्तरातील पेशी प्रोस्टासायक्लिन आणि नायट्रिक ऑक्साइड ही द्रव्ये सोडून शेजारच्या रक्तपट्टिकांना शांत ठेवतात, म्हणून ठिगळ जखमेपुरते राहते. पण हृदयाच्या धमनीत मेदाचा थर साचून तो फुटला, तर रक्तपट्टिकांना ती जखमच वाटते. त्या तेथेही पसरतात, गुठळी बनते, वाट बंद होते आणि हृदयविकाराचा झटका येतो.

येथे अ‍ॅस्पिरिनचा उपयोग होतो. रक्तपट्टिका एकमेकींना जागे करण्यासाठी थ्रॉम्बॉक्सेन नावाचे द्रव्य बनवतात. ते बनवण्याच्या साखळीतील एक विकर अ‍ॅस्पिरिन कायमचे बंद पाडते. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये अ‍ॅस्पिरिनच्या कार्याचा उलगडा केला आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी झाले. केंद्रक नसल्यामुळे रक्तपट्टिकेला नवे विकर बनवता येत नाही. म्हणून एका लहान गोळीचा परिणाम त्या रक्तपट्टिकेच्या आयुष्यभर, म्हणजे आठवडाभर, राहतो. जे औषध हृदयविकाराच्या रुग्णाला डॉक्टर मुद्दाम देतात, तेच डेंग्यूच्या तापात मात्र टाळायचे असते. डेंग्यूत रक्तपट्टिकांची संख्या आधीच घटलेली असते, आणि उरलेल्यांनाही दुबळे करून चालणार नाही. पावसाळ्यात घरात कोणाला ताप आला, तर मनाने अ‍ॅस्पिरिन देऊ नये, ते याच कारणासाठी. डेंग्यूत डॉक्टर केवळ रक्तपट्टिकांच्या आकड्यावर निर्णय घेत नाहीत. रक्तस्राव होतो आहे का, रक्तद्रव वाहिन्यांबाहेर झिरपतो आहे का, हेही ते पाहतात.

करून पाहा

कणकेचा एक गोळा घ्या. त्याचा व्यास मोजून घनफळ आणि पृष्ठफळ काढा. मग तो लाटून व्यास आणि जाडी मोजा व पृष्ठफळ पुन्हा काढा. ते किती पट झाले? आता तसाच दुसरा गोळा प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट, सुरकुती न ठेवता, गुंडाळा आणि लाटून पाहा. कागद फाटेल. तिसऱ्या गोळ्याला कागद गुंडाळताना भरपूर चुण्या ठेवा आणि लाटा. किती चुण्या ठेवल्या म्हणजे कागद फाटत नाही, हे आधी गणिताने ठरवा आणि मग प्रयोगाने पडताळा. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात गटागटाने करून घ्यावा आणि प्रत्येक गटाची उत्तरे फळ्यावर मांडावीत.